मुक्या ठेवीचे विश्वस्त

सोलापुरातील एका गृहस्थांनी नुकतीच आमच्यापुढे एक हकीकत मांडली. ती ऐकून आम्हांस खेद झाला, आणि तिचा शेवट ऐकून त्याहूनही अधिक झाला. म्हणून ती वाचकांपुढे ठेवून तीवरून सुचलेले चार विचार सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हे गृहस्थ सुखवस्तू आहेत, पण त्यांचे घर शहराच्या दाट वस्तीत. ज्या दारात दुचाकी उभी करण्यास जागा नाही, तेथे घोडी कोठून बांधावी? अकलूजला दिवाळीच्या सुमारास भरणाऱ्या घोडेबाजारात त्यांनी मोठ्या हौसेने घेतलेली घोडी म्हणून शहराबाहेरील एका पागेत दरमहा ठरलेल्या रकमेवर ठेविली. चंदी, वैरण, खरारा, नालबंदी व औषधपाणी हे सर्व त्या रकमेतच यावयाचे, असा तोंडी करार झाला. पुढे कामानिमित्त त्यांस चार महिने परगावी राहावे लागले. रक्कम वेळच्या वेळी पोहोचत होती, आणि पागेकडून घोडीचे छायाचित्रही मधूनमधून फोनवर येत होते. चार महिन्यांनी ते न कळविता पागेत गेले, तेव्हा आपली घोडी त्यांस प्रथम ओळखूच आली नाही. बरगड्या दुरून मोजता येत होत्या. खूर जोड्याच्या चोचीसारखे पुढे वाढले होते व त्यांस कुजकट वास येत होता. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांस जखमा होत्या. छायाचित्रे घोडी पागेत आली त्याच आठवड्यात काढून ठेविलेली होती! शेजाऱ्यांकडे चौकशी करता असे कळले की, लग्नसराईत ही घोडी रात्री-रात्री वरातीत नाचविली जात होती. पागावाल्यास विचारले, तेव्हा ‘पाणी बदलले की जनावर उतरते,’ एवढेच उत्तर मिळाले.

गृहस्थांनी मागितले तेवढे पैसे भरले, घोडी सोडवून आणली आणि ते स्वस्थ बसले. लेखी तक्रार केली काय, असे आम्ही विचारले. ‘आता कशाला? माझी घोडी सुटली ना!’ असे ते म्हणाले. आणि त्या पागेत त्या दिवशी आणखी चौदा घोडे बांधलेले होते, हेही त्यांनीच आम्हांस सांगितले.

त्या पागेचे नाव आम्ही येथे छापीत नाही. आरोप कोणापुढे सिद्ध झालेला नाही, आणि तो सिद्ध करण्यास ज्यांनी पुढे यावयाचे त्यांनीच माघार घेतली आहे. परंतु आमच्या या लेखाचा मुख्य रोख त्या पागावाल्यावर नाहीच. लबाड माणसे सर्व धंद्यांत असतात. त्यांची लबाडी एका वर्षाची दहा वर्षे कशी होते, हा खरा प्रश्न आहे. आमचे उत्तर असे की, ज्याची घोडी सुटली तो गप्प बसतो, म्हणून ती होते. त्याच्या मोकळ्या झालेल्या खुंट्यास दुसऱ्याच महिन्यात दुसऱ्या कोणाची घोडी बांधली जाते.

पागा हा शब्द महाराष्ट्रास नवा नाही. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार व सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद शाळेतील मुलांसही ठाऊक असतो. परक्याच्या घोड्याची जबाबदारी म्हणजे काय, हे ज्यांस समजून घ्यावयाचे असेल त्यांनी शिवाजी महाराजांचे चिपळूणकडील लष्करी अंमलदारांस गेलेले प्रसिद्ध पत्र वाचावे. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकातील हे पत्र रयतेस त्रास देऊ नये या आज्ञेसाठी सर्वश्रुत आहे. पण त्यातील मोठा भाग घोड्यांच्या दाणावैरणीचा आहे. पावसाळ्याची बेगमी आताच उधळली तर पुढे घोडे उपाशी मरू लागतील आणि ते तुम्हीच मारिले असे होईल, हा त्यातील आशय. वैरणीस आग लागू नये म्हणून दिव्याची वात उंदीर ओढून नेतो इथपर्यंतची खबरदारी त्यात सांगितली आहे. निष्काळजीपणाने मेलेला घोडा हा मारलेलाच घोडा होय, ही दृष्टी साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या प्रांतात होती, तेथे आज ‘जनावर उतरते’ हे उत्तर आम्ही निमूटपणे ऐकून घेतो!

कोणी म्हणेल की, तोंडी व्यवहारापुढे कायदा काय करणार? त्यांस आम्ही सन १८७२ चा करारविषयक कायदा उघडून पाहण्याची विनंती करतो. दुसऱ्याची वस्तू ठरलेल्या हेतूने ताब्यात घेणाऱ्याची कर्तव्ये त्याच्या १४८ व्या कलमापासून पुढे सांगितली आहेत. सामान्य समंजस मनुष्य आपल्या स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी परक्याच्या ठेवीची घेतली पाहिजे, असे १५१ वे कलम म्हणते. आणि मौज अशी की, हे नियम समजावून देताना त्या कायद्याच्या कर्त्यांनी वारंवार घोड्याचेच उदाहरण घेतले आहे. बसण्यासाठी भाड्याने घेतलेला घोडा एखाद्याने गाडीस जुंपला, तर मालकास तो व्यवहार तेथेच संपविता येतो, हे १५३ व्या कलमाखालचे उदाहरण. केवळ स्वतः बसण्याकरिता घेतलेल्या घोड्यावर घरातील दुसऱ्या कोणास बसविले आणि घोडा अपघाताने जायबंदी झाला, तर बसणाऱ्याने कितीही जपले असले तरी नुकसान भरून द्यावे लागते, हे १५४ व्या कलमाखालचे. सांभाळण्यास दिलेली गाय व्याली, तर वासरूही मालकाचेच, असे १६३ वे कलम सांगते. मग सांभाळण्यास दिलेली घोडी परस्पर वरातीत पाठवून तिच्या पाठीवर मिळविलेला पैसा पागावाल्याने खिशात घालावा, हे कोणत्या न्यायात बसते?

आता ही लबाडी इतकी सोपी का, तेही पाहू. एका घोड्यामागे रोज १ किलो चंदी कमी घातली, तर मालकास ते एकदम दिसत नाही. परंतु २० घोड्यांच्या पागेत महिन्याकाठी ती ६०० किलो होते. साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्यास रोज किमान ५ ते ७ किलो कोरडी वैरण लागते, पंचवीस-तीस लिटर पाणी लागते, आणि पारा चाळीस अंशांपलीकडे नेणाऱ्या आमच्या सोलापुरी उन्हाळ्यात त्याहूनही अधिक लागते. यांपैकी पाणी तर फुकटाच्या जवळपास. पण ते ओढून आणण्यास माणूस लागतो, आणि माणसाचा पगार वाचविला की प्रथम तहानेलाच कात्री लागते. घोड्याचे पोट लहान, त्यात आम्ल अखंड पाझरणारे. त्यास थोडे थोडे दिवसभर खावयास हवे. सकाळी एक पेंढी टाकून संध्याकाळपर्यंत रिकामे उभे केलेले जनावर आतून पोखरते. बुरशी आलेला कडबा पोटात गेला, तर त्यास ओकताही येत नाही. घोड्याच्या देहाची रचनाच तशी आहे. पोटशूळाने तो रात्रीत जातो आणि सकाळी मालकास ‘एकाएकी गेला’ म्हणून निरोप पोहोचतो.

हा अनुभव आमच्याच गावचा नव्हे. इंग्लंडात सन १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲना सीवेल यांच्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या कादंबरीत हाच प्रकार आहे. एक सज्जन गृहस्थ वैद्याच्या सल्ल्याने घोडा ठेवितात. पहिला मोतद्दार घोड्याचे धान्य चोरून घरी नेतो. दुसरा स्वतः नटूनथटून राहतो, पण घोड्याच्या पायाखालची ओली घाण काढीत नाही, आणि घोड्याचे खूर बिघडतात. दोनदा फसलेले ते गृहस्थ विटून घोडा ठेवणेच सोडून देतात. घोडा मात्र विकला जातो, म्हणजे पुन्हा कोणा अनोळखी हाती जातो. धन्याची सुटका झाली, घोड्याची झाली नाही. आमच्या सोलापूरच्या गृहस्थांनी याहून वेगळे काय केले?

तथापि, न्यायाची बाजू मांडावयाची तर दोन्ही पारड्यांत वजन घातले पाहिजे. सर्वच पागावाले लबाड आहेत असे आम्ही म्हणत नाही. पोटच्या पोरासारखे घोडे सांभाळणारी माणसे या जिल्ह्यात आहेत. त्यांचीही तक्रार आहे आणि ती खरी आहे. हौसेने घोडा घेणारा धनी तिसऱ्या महिन्यापासून पैसे थकवितो, सहाव्या महिन्यापासून फोन उचलीत नाही, आणि घोडा पागावाल्याच्या गळ्यात पडतो. आमचा जिल्हा ज्वारीचा असला तरी अवर्षणाचाही आहे. पाऊस चुकला की कडब्याचा भाव भडकतो, आणि सुकाळात ठरलेल्या रकमेत दुष्काळातली वैरण बसत नाही. शिवाय ज्या मोतद्दाराच्या हाती घोड्याचा जीव असतो, त्याचीच मिळकत त्या पागेत सर्वांत कमी असते. तो जनावरांजवळच निजतो, त्यास सुट्टी नाही, शिक्षण नाही, लाथ बसून हाड मोडले तर विचारणारा नाही. उपाशी माणसाच्या हाती भरल्या चंदीची कोठी देऊन प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे हे शहाणपणाचे नव्हे. पागेची सुधारणा मोतद्दाराच्या वेतनापासून सुरू झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु अडचण असणे वेगळे आणि ती लपविणे वेगळे. वैरण महागली तर पागावाल्याने तसे कळवावे, रक्कम वाढवून मागावी, न परवडल्यास घोडा घेऊन जाण्यास सांगावे. रक्कम पूर्ण घेऊन घोडा अर्धपोटी ठेवणे आणि वर जुने छायाचित्र पाठविणे ही अडचण नव्हे, ही फसवणूक होय. कुंपणानेच शेत खाण्याचा हा प्रकार आहे.

मग घोडा ठेवणाऱ्याने काय करावे? प्रथम, करार लेखी करावा. चंदी किती, वैरण किती, नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी येणार की नाही, धनुर्वाताची लस कोणी टोचावयाची, वैद्य कोणी बोलवावयाचा, मालकाच्या परवानगीशिवाय घोड्यावर कोणी बसावयाचे नाही, आणि मालकाने कोणत्याही दिवशी न सांगता येऊन पाहावे, ही कलमे त्यात असावीत. शेवटच्या कलमास जो पागावाला हरकत घेईल, त्याच्याकडे घोडा ठेवू नये. कारण दाखविण्यासारखे असते त्यास दार लावावे लागत नाही. दुसरे, डोळ्यांवर विसंबू नये, फीत वापरावी. छातीच्या घेराचा वर्ग करून त्यास अंगाच्या लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे. मापे सेंटिमीटरमध्ये घेतली असता वजन सुमारे किती किलो ते कळते. घेर १७० व लांबी १५० असलेली घोडी सुमारे ३६५ किलोची असते. घेर १६० वर आला की ती ३२३ वर उतरली असे समजावे. घेरातील दहा सेंटिमीटर म्हणजे चाळीस किलोंचे मांस! हा हिशेब दर महिन्यास वहीत मांडणाऱ्या मालकास ‘पाणी बदलले’ हे उत्तर कोणी देऊ शकणार नाही.

संशय खरा ठरला, तर क्रम चुकवू नये. आधी जनावर, मग पैसा, मग न्याय. पशुवैद्यास सोबत नेऊन घोड्याची अवस्था लिहून घ्यावी, त्याच दिवसाच्या तारखेची छायाचित्रे काढावीत, आणि घोडा तेथून हलवावा. थकबाकीचा वाद घालून पागावाला घोडा अडवू लागला, तर वादातील रक्कम लेखी हरकतीसह भरावी आणि भांडण पुढे चालू ठेवावे. सजीव प्राणी ओलीस ठेवून कज्जा लढता येत नाही. घरी आणलेल्या उपाशी घोड्यापुढे दयेपोटी चंदीची बादली ओतू नये. फार दिवस उपाशी राहिलेल्या देहास एकदम मिळालेले धान्य विषासारखे बाधते. चांगली वैरण थोडी थोडी, दिवसांतून अनेकदा, वैद्याच्या देखरेखीखाली वाढवीत न्यावी. आणि मग, हे सर्व झाल्यावर, गप्प बसू नये. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत कसूर झाल्याबद्दल हौसेखातर घोडा ठेवणाऱ्यास सन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देता येते. प्राणिक्लेश प्रतिबंधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत संस्था असावी, असा नियम केंद्र सरकारने सन २००१ मध्येच केला आहे. तिचे दार ठोठावता येते.

येथे कायद्याचे दौर्बल्य सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. सन १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने ‘मालक’ या शब्दात प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याचाही समावेश केला आहे. म्हणजे अन्नपाणी न देणारा पागावाला त्या कायद्याने मालकच ठरतो. आणि चार-चार महिने न फिरकणारा खरा मालकही हात झटकू शकत नाही. इतकी उत्तम व्याख्या करून त्या कायद्याने पहिल्या अपराधास दंड किती ठरविला? दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत! साठ वर्षांहून अधिक काळ हा आकडा तसाच राहिला. तो वाढविण्याचा मसुदा केंद्र सरकारने सन २०२२ मध्ये लोकांपुढे ठेविला खरा; पण मसुद्याने कोणाचे पोट भरत नाही. जनावर मारणे वा कायमचे निकामी करणे यास भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाने पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु घोडा मरेपर्यंत किंवा लुळा होईपर्यंत थांबून मग कायदा हाती घेणे म्हणजे अक्षरशः वरातीमागून घोडे होय.

मुंबईचा दाखला डोळ्यांपुढे आहे. तेथील व्हिक्टोरिया गाड्यांच्या घोड्यांचे हाल व त्यांचे विनापरवाना तबेले यांविषयी लोकहितार्थ अर्ज झाला आणि सन २०१५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेखातर चालणाऱ्या त्या गाड्या वर्षाच्या आत बंद कराव्यात, विनापरवाना तबेले चालू देऊ नयेत, आणि त्यांवर पोट असणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना करावी, असा निर्णय दिला. तबेल्यांकडे वेळीच लक्ष दिले असते, तर गोष्ट इतक्या थरास गेली नसती. सन २०२५ च्या उन्हाळ्यात हैदराबादेहून जबलपूरजवळ रस्त्याने नेलेल्या पन्नासांहून अधिक घोड्यांपैकी कित्येक दगावले आणि ते प्रकरणही न्यायालयात गेले. न्यायालयाने डोळे उघडेपर्यंत आपण ते मिटून बसावे, हीच का आमची नागरिकत्वाची कल्पना?

म्हणून सोलापूरच्या महापालिकेस व जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांस आमची सूचना आहे की, पैसे घेऊन परक्याचे घोडे ठेवणाऱ्या प्रत्येक पागेची नोंद करावी. प्रत्येक घोड्याची चंदी, पाणी, नालबंदी व औषध यांची वही दर्शनी भागी ठेवणे परवान्याची अट करावी. आणि सरकारी पशुवैद्याने तीन महिन्यांतून एकदा, पूर्वसूचना न देता, पागा पाहून त्या वहीवर सही करावी. यास खर्च फार नाही. ग्लँडर्ससारखा, घोड्यापासून माणसास होणारा व लस नसलेला रोग लक्षात घेता, ही तपासणी माणसांच्याही हिताची आहे. प्रामाणिक पागावाल्यांस तिचे भय नाही. उलट कमी दर सांगून घोडे उपाशी ठेवणारा प्रतिस्पर्धी त्यामुळे उघडा पडेल.

आषाढात माउलींची पालखी आमच्या जिल्ह्यात येते. रिंगणात अश्व धावून गेला की, हजारो लोक वाकून त्याच्या टापांखालची धूळ कपाळास लावितात. ती भक्ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या खुरांची धूळ आम्ही मस्तकी धरितो, तशाच खुरांस शहराबाहेरच्या एखाद्या पागेत कीड लागली असता वाकून पाहण्याची तसदी आम्ही घेणार आहोत की नाही?

त्या गृहस्थांस आमचे शेवटचे सांगणे एवढेच. आपली घोडी सुटली, याचा आम्हांस आनंद आहे. आपल्यापाशी पैसे भरल्याच्या पावत्या आहेत, छायाचित्रे आहेत, शेजाऱ्यांची साक्ष आहे. त्या चौदा घोड्यांच्या धन्यांपाशी यांतले काहीच नाही, आणि त्या घोड्यांपाशी तर वाचाही नाही. दोन वर्षांची मुदत अद्याप संपलेली नाही. आपण तक्रार लिहून द्यावी. तिचा निकाल लागेल तेव्हा ती पागा कोणती हे नावानिशी छापण्याची जबाबदारी आमची.